पाठीवर नाही, पोटावर

अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेचा विषय निघाला की डोळ्यांपुढे ठरलेली चित्रं येतात. हातातला कागद फडकावणारा सिनेटर जोसेफ मॅकार्थी. काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, 'अमेरिकाविरोधी कारवाया' शोधणाऱ्या समितीला उत्तरं नाकारून तुरुंगात गेलेले हॉलिवूडचे दहा जण. चौकशीच्या खोलीत स्वतःचा बचाव करणारे रॉबर्ट ओपेनहायमर. चित्रं खोटी नाहीत, पण सोयीची आहेत. माणसं मोठी, भांडण मोठं, खलनायक एकच, आणि तो १९५७ साली मेला, म्हणजे प्रकरण मिटलं.

हा हिशेब मला पटत नाही. त्या दहा-बारा वर्षांत सर्वाधिक पोळले गेले ते सरकारी कचेऱ्यांतले कारकून, शाळामास्तर, ग्रंथपाल, खलाशी, कारखान्यातले फिटर. त्यांना घरी बसवणारे बरेच जण तर मॅकार्थीच्या नावाने नाकं मुरडणारे सभ्य गृहस्थ होते. सगळं खापर एका माणसाच्या डोक्यावर फोडलं की या गृहस्थांची आपोआप सुटका होते, आणि गेली सत्तर वर्षं ती होत आली आहे.

आधी तारखा पाहू. परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी आपल्या हातात आहे असं सांगणारं मॅकार्थीचं वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगचं ते गाजलेलं भाषण ९ फेब्रुवारी १९५०चं. त्याच्या जवळजवळ तीन वर्षं आधी, २१ मार्च १९४७ रोजी, अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी केंद्र सरकारच्या प्रत्येक नोकराची निष्ठा तपासण्याचा हुकूम काढला होता. ट्रुमन डेमोक्रॅट. १९४६च्या नोव्हेंबरात काँग्रेसची दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांच्या हाती गेली होती आणि 'सरकारात लाल घुसले आहेत' या आरोपातली हवा ट्रुमनना काढून घ्यायची होती. विरोधकांचं हत्यार आपणच उचललं की ते बोथट होतं, असा हा धूर्तपणा. प्रत्यक्षात ते हत्यार सरकारी शिक्का लागून आणखी धारदार झालं. त्याच वर्षी डिसेंबरात ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने 'घातक' संघटनांची यादी प्रसिद्ध केली. यादीत नाव घालण्यापूर्वी त्या संघटनेला विचारायची पद्धत नव्हती. त्या यादीतल्या एखाद्या संस्थेला कधीकाळी दोन डॉलर वर्गणी दिली असली किंवा तिच्या जलशाला हजेरी लावली असली, तरी ते तुमच्या नोंदीत चढू लागलं.

१९४७च्या हुकुमाप्रमाणे नोकर निष्ठावान नाही असं मानायला वाजवी आधार लागत असे. १९५१ साली ट्रुमननीच तो निकष सैल केला आणि नुसती वाजवी शंका पुरेशी ठरू लागली. परिणाम असा की आधी निर्दोष ठरलेल्यांच्या फायली पुन्हा उघडल्या. १९४७ ते १९५६ या काळात सुमारे २,७०० केंद्रीय नोकर काढले गेले आणि सुमारे १२,००० जणांनी राजीनामे दिले. यातला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. चौकशीची नोटीस आली की वकील करायचा, पदरचे पैसे घालायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना साक्षीला बोलवायचं, आणि एवढं करून डाग राहणारच. त्यापेक्षा चार ओळींचा राजीनामा स्वस्त पडत असे.

ही चौकशी कशी चाले ते एका प्रकरणातून पाहू. डोरोथी बेली या वॉशिंग्टनमधल्या रोजगार खात्यात काम करत आणि सरकारी नोकरांच्या कामगार संघटनेच्या स्थानिक शाखेच्या अध्यक्ष होत्या. त्या कम्युनिस्ट पक्षाच्या सभासद असल्याची माहिती कुणीतरी एफबीआयला दिली होती. बेलींनी शपथेवर इन्कार केला, साक्षीदार आणले, प्रतिज्ञापत्रांचा ढीग लावला. त्यांच्या विरुद्ध एकही माणूस समोर येऊन बोलला नाही. ते खबरे कोण, असं त्यांच्या वकिलाने विचारलं तेव्हा निष्ठा पुनरीक्षण मंडळाचे अध्यक्ष सेथ रिचर्डसन यांनी सांगितलं की ते कोण आहेत याची मलाही तिळमात्र कल्पना नाही. त्यांची निवेदनं शपथेवर घेतली होती का? तसं वाटत नाही, असं उत्तर आलं. म्हणजे आरोपीला आरोप करणारा माहीत नाही, आणि न्याय करायला बसलेल्यालाही माहीत नाही. तरीही नोकरी गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे १९५१ साली न्यायमूर्तींची मतं चार विरुद्ध चार अशी पडली आणि खालच्या न्यायालयाचा बेलींच्या विरुद्धचा निकाल कायम राहिला. सरकारी नोकरी हा काही कुणाचा हक्क नाही, मग ती काढून घेताना खटल्यासारखी प्रक्रिया हवीच असं नाही, असा खालच्या न्यायालयाचा युक्तिवाद होता.

याच सुनावणीत बेलींना आणखी एक प्रश्न विचारला गेला: रक्ताच्या विभाजनाबद्दल तुम्ही रेड क्रॉसला कधी पत्र लिहिलं होतं का? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन रेड क्रॉस काळ्या रक्तदात्यांचं रक्त वेगळ्या बाटल्यांत ठेवत असे. वैद्यकशास्त्रात त्याला काडीचाही आधार नव्हता आणि १९५० साली खुद्द रेड क्रॉसनेच ते बंद केलं. पण त्याविरुद्ध पत्र लिहिणं हा निष्ठा संशयास्पद असल्याचा पुरावा होऊ शकत होता. प्रश्न विचारणाऱ्याचा तर्क सरळ होता. कम्युनिस्ट वंशभेदाला विरोध करतात, तुम्हीही करता, तेव्हा तुम्ही कोण? या तर्काची मोठी खुबी म्हणजे तो कुठल्याही चांगल्या कामाला लावता येतो.

ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिल या तेलकंपनीच्या गावात तो लावला गेला. रूथ ब्राउन १९१९ सालापासून तिथल्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल होत्या, म्हणजे गावाच्या दोन पिढ्या त्यांच्या हातची पुस्तकं वाचून मोठ्या झालेल्या. वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्या छोट्याशा गटात त्या होत्या, आणि १९५०च्या सुरुवातीला दोन काळ्या शिक्षिकांना बरोबर घेऊन त्या गावातल्या औषधाच्या दुकानाच्या खाद्यकाउंटरवर जाऊन बसल्या. तिथे काळ्यांना वाढत नसत, यांनाही वाढलं नाही. काही आठवड्यांत 'नागरिकांची समिती' नगरपालिकेपुढे हजर. तक्रार काय, तर वाचनालयात 'द नेशन', 'द न्यू रिपब्लिक' आणि सोव्हिएत रशियाविषयीचं एक मासिक येतं. औषधाच्या दुकानाचा त्या तक्रारीत उल्लेख नाही. जुलैत ब्राउनबाईंना काढून टाकलं. तीस वर्षांची नोकरी, आणि उतारवयात दुसऱ्या राज्यात जाऊन नव्याने सुरुवात. या सगळ्यात मॅकार्थी कुठे आहे? कुठेच नाही. काँग्रेसची समितीही नाही. गावातले प्रतिष्ठित लोक आहेत, त्यांना एका बाईचा काटा काढायचा आहे, आणि वॉशिंग्टनने एक शब्द वापरात आणून ठेवला आहे. असे काटे किती गावांत निघाले याची मोजदाद कोण करणार.

आपल्याकडे म्हण आहे, पाठीवर मारावं पण पोटावर मारू नये. अमेरिकेने या काळात नेमकं उलट केलं आणि त्यामुळेच आपण काही फार वाईट करतो आहोत असं तिला वाटलं नाही. स्टालिनच्या रशियात लाखो माणसं छावण्यांत मरत होती. त्या तुलनेत अमेरिकेत सरकार उलथवण्याचा प्रचार हा गुन्हा ठरवणाऱ्या स्मिथ कायद्याखाली शिक्षा झालेले कम्युनिस्ट पुढारी शंभराच्या आसपास, आणि मृत्युदंड दोघांना, रोझेनबर्ग दांपत्याला, तोही हेरगिरीच्या कटाबद्दल. मग छळ कसला, असं विचारणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण नोकरी गेलेल्यांचा आकडा अभ्यासकांच्या अंदाजाने दहा हजारांच्या पुढे जातो, आणि ज्या देशात आजारपणाचा विमासुद्धा बहुधा नोकरीबरोबर येतो तिथे नोकरी जाणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

पद्धत दोन टप्प्यांची होती. पहिल्या टप्प्यात सरकार किंवा एखादी समिती तुमच्याकडे बोट दाखवणार. दुसऱ्या टप्प्यात तुमचा मालक, विद्यापीठ, कामगार संघटना, प्रसंगी घरमालक तुम्हाला बाहेरचा रस्ता दाखवणार. सरकार म्हणणार, आम्ही कुणाला शिक्षा केली नाही. मालक म्हणणार, मी चौकशी केली नाही. राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीने स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क दिला आहे, पण डिसेंबर १९५३मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने जाहीर केलं की समितीपुढे जो हा हक्क वापरील त्याला कामावर ठेवणार नाही. आता माणसं हा हक्क का वापरत होती? स्वतःबद्दलच्या एका प्रश्नाचं उत्तर दिलं की पुढच्या प्रश्नांना गप्प राहण्याचा हक्क गमावल्यासारखा होत असे, आणि पुढचा प्रश्न हमखास असे, 'तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?' नावं समितीकडे बहुधा आधीच असत. तरीही ती तुमच्या तोंडून वदवून घ्यायची होती. मित्राचं नाव घ्यायचं नसेल तर पहिल्या प्रश्नापासून तोंड मिटणं भाग होतं, आणि तोंड मिटलं की मालक दारात उभा.

बंदरांवर तर याहून सोपं. १९५०च्या मॅग्नसन कायद्याखाली तटरक्षक दल खलाशी आणि गोदी कामगारांना पास देऊ लागलं. पास नाही तर बोटीवर पाय नाही. कोरियाचं युद्ध चालू होतं, घातपाताची भीती पूर्ण खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण पास नाकारलेल्या सुमारे तीन हजार जणांत बोटीवरचे आचारी आणि वाढपीसुद्धा होते. रशियाला ते काय विकणार होते, रश्श्याची कृती? हे आचारी-वाढप्यांचं पश्चिम किनाऱ्यावरचं संघटन काळे, गोरे, चिनी, फिलिपिनो अशा सगळ्यांना एकाच हुद्द्यावर सभासद करून घेणारं होतं, आणि या तपासणीत ते मोडून पडलं. सान फ्रान्सिस्कोच्या अपील न्यायालयाने १९५५ साली ही पद्धत घटनाबाह्य ठरवली, तोवर पाच वर्षं गेली होती. पाच वर्षं समुद्रावर न गेलेला खलाशी परत काय जाणार.

मूर्खपणाचे नमुनेही भरपूर आहेत. इंडियाना राज्यात व्यावसायिक कुस्तीगीर आणि मुष्टियोद्ध्यांना आपण कम्युनिस्ट नसल्याची शपथ घ्यावी लागे. सिनसिनाटीच्या 'रेड्स' या बेसबॉल संघाने काही वर्षं स्वतःचं नाव 'रेडलेग्ज' करून घेतलं. हे वाचून हसू येतं. पण १९५२ साली सरकारी घरकुलांतल्या भाडेकरूंकडूनही अशीच शपथ घ्यायचा कायदा झाला, आणि तिथे हसू मावळतं, कारण सही न करणाऱ्याचं बिऱ्हाड रस्त्यावर येणार होतं. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर एडवर्ड बार्स्की यांचा वैद्यकीचा परवाना सहा महिने काढून घेतला. स्पेनमधल्या फ्रँकोविरोधी निर्वासितांना मदत करणाऱ्या त्यांच्या समितीने आपली कागदपत्रं काँग्रेसला दिली नव्हती, हा अपराध. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी आपल्या विरोधी मतपत्रात लिहिलं की स्पेनमधल्या फ्रँकोला विरोध आहे म्हणून अमेरिकेतल्या डॉक्टरला जीव वाचवता येत नसतील, तर आपल्याला झपाटणाऱ्या या मनोविकाराकडे थांबून पाहायची वेळ आली आहे. बहुमत मात्र दुसऱ्या बाजूला होतं.

आता दुसरी बाजू. ती टाळून हा विषय मांडणारे डावे लेखक मला कधीच प्रामाणिक वाटले नाहीत. सोव्हिएत हेर खरे होते. शास्त्रज्ञ क्लाउस फुक्सने रशियाला अणुबाँबची माहिती दिली होती. १९९५ साली 'व्हेनोना' या नावाने उलगडलेले सोव्हिएत संदेश प्रसिद्ध झाले आणि ज्युलियस रोझेनबर्ग हेरगिरी करत होता याबद्दल शंका उरली नाही. अमेरिकन कम्युनिस्ट पक्ष मॉस्कोच्या तालावर नाचत असे. १९३९ साली हिटलर-स्टालिन करार झाल्याबरोबर काल परवापर्यंत फॅसिझमविरुद्ध गर्जना करणारे पुढारी कसे फिरले हे सर्वांनी पाहिलं होतं. स्टालिनला पाठिंबा देणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये असं एखाद्या अमेरिकन नागरिकाला वाटलं तर ते समजण्यासारखं आहे.

पण निष्ठेच्या तपासणीने हेर सापडले का? एप्रिल १९५० मध्ये याच सेथ रिचर्डसन यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की तीसएक लाख लोकांच्या तपासणीत हेरगिरी उघड करणारं एकही प्रकरण हाती लागलेलं नाही. जे हेर सापडले ते संदेश उलगडून, फुटून आलेल्या हेरांच्या जबानीतून, म्हणजे पोलिसी कामातून सापडले. एलिझाबेथ बेंटली या हेरबाईने १९४५ सालीच एफबीआयकडे नावं उघड केली होती. ट्रुमनचा हुकूम निघाला तोवर ते जाळं बरंचसं मोडलं होतं. खरा हेर रेड क्रॉसला पत्रं लिहीत नाही, डाव्या मासिकाची वर्गणी भरत नाही. त्याला पकडायला टाकलेल्या जाळ्यात तो सोडून बाकी सगळे येणार हे उघड होतं.

आणि इथे मला उदारमतवाद्यांशीही भांडायचं आहे. या काळाच्या आठवणी सांगताना आपल्याला निरपराध माणूस हवा असतो. मिशिगनमधल्या मायलो राडुलोविचची गोष्ट म्हणूनच लाडकी आहे. हवाई दलाच्या राखीव तुकडीतला हा तरुण अधिकारी. बाप सर्बियातून आलेला मोटारकारखान्याचा कामगार, सर्बियन वर्तमानपत्रं वाचणारा. बहिणीचे विचार डावे. १९५३ साली त्याला सांगण्यात आलं की बाप आणि बहिणीशी संबंध ठेवल्यामुळे तू सुरक्षेला धोका आहेस. सुनावणीत पुराव्याचा बंद लिफाफा दाखवला, उघडला नाही. नातेवाइकांवरून माझा निवाडा होणार असेल तर उद्या माझ्या मुलांनाही माझा निषेध करायला सांगणार का, असं त्याने विचारलं. पत्रकार एडवर्ड मरो यांनी २० ऑक्टोबरला टीव्हीवर त्याच्यावर अर्धा तास दिला आणि महिन्याभरात हवाई दलाने त्याला परत घेतलं. पेंटॅगॉनमधल्या कारकून ॲनी ली मॉस यांचीही तशीच गत. मार्च १९५४ मध्ये मॅकार्थीच्या समितीपुढे त्यांना कार्ल मार्क्सबद्दल विचारलं, तर त्या म्हणाल्या, 'तो कोण?' सभागृह हसलं, देश हळहळला. पुढे १९५८ साली सरकारी मंडळाने म्हटलं की पक्षाच्या कागदपत्रांत याच नावाची आणि पत्त्याची बाई होती. मग गेल्या सत्तर वर्षांत वाद रंगला तो त्या खरंच सभासद होत्या का यावर.

समजा होत्या. एका काळ्या विधवेने, पूर्वी उपाहारगृहात वाढणाऱ्या बाईने, कधीतरी कामगार संघटनेबरोबर पक्षाचंही कार्ड घेतलं असेल. म्हणून तिची पगाराची नोकरी काढून घ्यावी? 'ती कम्युनिस्ट नव्हती' असं म्हणत तिचा बचाव करणारा माणूस नकळत मान्य करतो की असती तर काढायला हरकत नव्हती. 'घातक' संघटनांच्या सभासदांना शिक्षकाच्या नोकरीतून काढू देणाऱ्या १९४९च्या फाइनबर्ग कायद्यानंतरच्या वर्षांत न्यूयॉर्कच्या शाळांतून शेकडो शिक्षक बाहेर पडले, आणि त्यांतले बरेच जण खरोखरच पक्षाचे सभासद होते किंवा राहिलेले होते. मात्र वर्गात त्यांनी काय शिकवलं, मुलांना फितवलं का, हा त्यांच्यावरचा आरोपच नव्हता. ते गणित नीट शिकवत होते की नाही याची कुणाला पडलेली नव्हती. त्या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत गणिताचे शिक्षक अर्व्हिंग ॲडलर होते. १९५२ साली हरले, आणि मग त्यांनी मुलांसाठी विज्ञान-गणितावर ऐंशीहून अधिक पुस्तकं लिहिली, काही पत्नीबरोबर. ज्या माणसाला वर्गात उभं राहायला बंदी, त्याची पुस्तकं मुलं घरी वाचत होती. हा कायदा सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला तो १९६७ साली.

काढलेल्यांइतकीच न काढलेल्यांची गोष्ट महत्त्वाची आहे. ४ जुलै १९५१ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, मॅडिसन शहरातल्या 'द कॅपिटल टाइम्स' या वर्तमानपत्राच्या वार्ताहराने एक अर्ज टाइप करून घेतला. मजकूर सगळा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातला आणि घटनेतल्या मूलभूत हक्कांचा. बागेत सुट्टीला आलेल्या ११२ जणांना त्याने सही मागितली. सही केली एकाने. बाकीच्यांत जाहीरनामा न ओळखणारे होते, तूच कम्युनिस्ट आहेस का असं विचारणारे होते, आणि नोकरी जाईल म्हणून मागे सरणारेही होते. मॅडिसन ही विस्कॉन्सिनची राजधानी, मॅकार्थी त्याच राज्याचा, ही गोष्ट खरी. पण शहर विद्यापीठाचं, उदारमतवादी म्हणून नावाजलेलं. तीन वर्षांनी समाजशास्त्रज्ञ सॅम्युएल स्टाउफर यांनी देशभर पाहणी केली तेव्हा कळलं की देशातल्या कम्युनिस्टांची चिंता वाटते असं आपणहून सांगणारे लोक शंभरात एकही भरत नाहीत. लोकांना काळजी होती पैशाची, तब्येतीची, मुलाबाळांची. त्याच लोकांना विचारलं की दुकानात सामान विकणारा कारकून कम्युनिस्ट असेल तर त्याला काढावं का, तर दोन-तृतीयांशाहून अधिक म्हणाले, काढावं. भीती नाही, राग नाही, तरी काढावं. माझ्या दृष्टीने या सबंध काळाचा सर्वांत अस्वस्थ करणारा पुरावा हाच. छळाला माथेफिरूंची गर्दी लागते ही समजूत त्याने निकालात निघते.

याची किंमत देशाने कशी मोजली ते पुष्कळ ठिकाणी दिसतं. सीआयओ या कामगार महासंघाने १९४९-५० मध्ये डाव्या नेतृत्वाच्या अकरा संघटना हाकलल्या. त्यांचे सभासद दहा लाखांच्या घरात होते, आणि दक्षिणेत काळ्या-गोऱ्यांना एकत्र आणू पाहणारे कार्यकर्ते त्यांतच जास्त होते. सर्वांसाठी आरोग्यविम्याची ट्रुमन यांची योजना डॉक्टरांच्या संघटनेने 'समाजवादी वैद्यक' म्हणून हाणून पाडली. आपणच पेटवलेल्या शेकोटीत ट्रुमन यांचे हात असे भाजले. ट्रुमन यांच्यानंतरचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या १९५३च्या हुकुमाने 'लैंगिक विकृती' हे कारणही जोडलं गेलं आणि समलिंगी नोकरांची हकालपट्टी पुढची दोन दशकं चालू राहिली. चीन जाणणारे परराष्ट्र खात्यातले अधिकारी हाकलले गेले. त्यांतले जॉन सर्व्हिस न्यूयॉर्कमध्ये वाफेच्या यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागले, जॉन पॅटन डेव्हिस पेरूत लाकडी सामान बनवू लागले, आणि अमेरिका आशिया न जाणणाऱ्यांच्या सल्ल्याने व्हिएतनाममध्ये शिरली.

हाकललेल्यांतला एक माणूस आपल्या वाट्याला आला. फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भारताचा आर्थिक इतिहास शिकवणारे डॅनिएल थॉर्नर यांनी १९५२ साली सिनेटच्या उपसमितीपुढे इतरांची नावं घ्यायला नकार दिला. विद्यापीठातली जागा गेली. ते आणि ॲलिस थॉर्नर १९६० पर्यंत भारतातच राहिले, खेडोपाडी हिंडले, मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक वीकली'त लिहीत राहिले. शेतीतल्या वर्गांची मालक, किसान आणि मजदूर ही मांडणी, जी आज आपली मुलं स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करतात, ती थॉर्नर यांची. फिलाडेल्फियाचं नुकसान हा आपला फायदा, असं म्हणून मिशी पिळायला मात्र मी तयार नाही. पोलिसांकडून राजकीय मतांचा अहवाल मागवून नोकरी नाकारण्याची रीत आपणही वर्षानुवर्षं पाळली. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी तिला मूलभूत हक्कांच्या मुळावर घाव घालणारी म्हटलं आणि मॅकार्थीचं नाव घेऊन तिची निर्भर्त्सना केली. निकाल ज्याच्या बाजूने लागला तो मध्य प्रदेशातला शिक्षक होता, आणि पोलिसांनी त्याच्यावर ठेवलेला ठपका होता संघ आणि जनसंघाच्या कामात भाग घेतल्याचा. डाव्यांना आणि उजव्यांना, दोघांनाही हा निकाल मी मुद्दाम वाचायला सांगतो. दोघांनाही तो अर्धाच आवडतो.

अमेरिकेत यंत्रणा हळूहळू थंडावली. १७ जून १९५७ला सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी चार निकाल चौकशीवाल्यांच्या विरुद्ध दिले, ॲटर्नी जनरलची यादी १९७४ साली आणि काँग्रेसची ती बदनाम समिती १९७५ साली बरखास्त झाली. कायद्यातले तुकडे मात्र अजून जागच्या जागी आहेत. कॅलिफोर्नियात सरकारी नोकरीसाठी शपथेवर सही लागतेच. २००८ साली तिथल्या एका सरकारी विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या, अहिंसा मानणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या बाईंनी राज्यघटनेचं रक्षण करण्याच्या वचनात 'अहिंसक मार्गाने' एवढं घातलं म्हणून त्यांना काढलं होतं, आणि बोभाटा झाल्यावर परत घेतलं.

आपल्या लोकांना भेटणारा तुकडा नागरिकत्वाच्या अर्जात आहे. न्यू जर्सीत किंवा सान होजेत एन-४०० भरताना कम्युनिस्ट पक्षाचे कधी सभासद होता का, किंवा त्याच्याशी कसलाही संबंध होता का, हा प्रश्न येतोच. बहुतेक मराठी माणसं 'नाही'वर खूण करून पुढच्या पानावर जातात; कॉलेजात असताना लाल बावट्याच्या मोर्चात चाललेला एखादा जरा थांबतो आणि वकिलाला फोन लावतो. वकील त्याला सोळा वर्षांखाली असताना घेतलेलं सभासदत्व धरत नाहीत असं सांगतो. शिवाय नोकरी, शिधा किंवा जगण्याच्या इतर गरजा भागवण्यासाठी कुणी पक्षात गेला असेल तर कायदा तेही माफ करतो. पक्षाचं म्हणणं पटलं म्हणून गेला असेल, तर त्यासाठी सवलतीचं कलम नाही. पक्ष सोडून किती वर्षं झाली, तेवढंच मोजतात.